मुलांना घेऊन मरीन पार्कला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमची पहिली फेरी पार फसली. वेळापत्रकावर सहा शो होते आणि तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सहाही बघायचेच, असा मी चंग बांधला होता. तिसऱ्या शोला धाकटी गाढ झोपली. चौथ्याला सासूबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. सहाव्याला धापा टाकत पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. रात्री थोरल्याला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? तर म्हणाला, "पाइपातली वाम." डॉल्फिन नाही, पेंग्विन नाही. स्वच्छतागृहाबाहेरच्या रांगेत उभे होतो तेव्हा शेजारच्या एका लहानशा टाकीत त्याने ती पाहिली होती. दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं आम्ही त्याला कुठे ओढत नव्हतो.

पुढे आणखी काही ठिकाणी गेलो आणि हळूहळू एक पद्धत बसली. कमी बघायचं, पण थांबून बघायचं. बाकीच्या पायऱ्या त्यासाठी वेळ आणि ताकद शिल्लक राहावी म्हणून आहेत.

१. कुठे चाललोय ते आधी ओळखा

मरीन पार्क या नावाखाली निदान तीन प्रकारच्या जागा येतात. एक शोंचं पार्क: मोठे तलाव, स्टेडियमसारख्या पायऱ्या, डॉल्फिन आणि सी लायनच्या कसरती, बहुधा जोडीला राइड्स. दुसरं मोठं मत्स्यालय: बंद इमारत, अंधारी दालनं, उंच काचा. तिसरं म्हणजे जखमी कासवं, सील, मॅनाटी (समुद्रगाय) यांना बरं करून परत समुद्रात सोडणारं केंद्र, जिथे पाहुण्यांना ठरावीक वेळीच आत घेतात. पुष्कळ ठिकाणी या तिन्हींची सरमिसळ असते. चार वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत मत्स्यालयाला. ऊन नाही, गोंगाट कमी, आणि बहुतेक काचा थेट जमिनीपासून सुरू होतात, त्यामुळे सारखं कडेवर घ्यावं लागत नाही.

डॉल्फिनच्या शोला जायचं की नाही हे घरूनच ठरवून निघा, तिकीट खिडकीपुढे वाद नको. १९३८ साली फ्लोरिडात 'मरीन स्टुडिओज' उघडलं ते पाण्याखालचं चित्रीकरण करता यावं आणि लोकांनाही तिकीट काढून बघता यावं म्हणून. तिथून पुढे कसरतींचे शो जगभर पसरले. आता वारं फिरलंय. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमला नकार दिला, सीवर्ल्ड या अमेरिकी पार्क-साखळीने २०१६ मध्ये ओर्कांची, म्हणजे किलर व्हेलची, पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं, कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन नव्याने बंदिस्त ठेवण्यावर कायद्यानेच बंदी आणली. मी स्वतः डॉल्फिनच्या कसरतींना आता जात नाही. सासूबाईंना ते पटत नाही. त्यांच्या मते प्राणी डोळ्यांनी पाहिला नाही तर माया लागणार कशी? आमच्या घरात हा प्रश्न सुटलेला नाही आणि मुलांना दोन्ही बाजू ऐकायला मिळतात, हे मला बरंच वाटतं.

जागा निवडताना मी काही गोष्टी बघते. तलावावर सावली आहे का? प्राण्याला लोकांच्या नजरेआड जायला जागा आहे का? प्राण्याला मिठी मारून फोटो काढण्याचे पैसे घेतात का? घेत असतील तर मी दुसरी जागा शोधते. मान्यतेचं चिन्हही बघा. अमेरिकेत 'असोसिएशन ऑफ झूज अँड अ‍ॅक्वेरियम्स' ही संस्था तपासणी करून मान्यता देते, युरोपातही तशी संघटना आहे. चिन्ह असलं म्हणजे सगळं आलबेल असं नव्हे, पण निदान बाहेरचं कोणीतरी येऊन बघून जातं.

२. दिवस आणि वेळ

सुट्टीचा दिवस टाळता आला तर टाळा. दार उघडायच्या वेळी पोचा आणि आत शिरल्यावर पहिल्या टाकीपुढे थांबू नका. सगळे तिथेच थांबतात. सरळ शेवटच्या दालनात जा आणि उलटे फिरत या. पहिला तासभर ती दालनं जवळजवळ तुमचीच. तिकीट घरूनच काढा, पण त्याआधी त्या दिवशी कुठली टाकी दुरुस्तीसाठी बंद आहे का ते बघून घ्या. मुलाने महिनाभर ज्याचं नाव घोकलंय नेमका तोच प्राणी पडद्याआड असला की उरलेला दिवस गेलाच म्हणून समजा.

प्राण्यांना खाऊ घालण्याच्या वेळा मात्र टिपून ठेवा. शोपेक्षा त्या पुष्कळदा सरस निघतात. गर्दी थोडी, आणि खाऊ घालणारी व्यक्ती प्रश्नांना मनापासून उत्तरं देते.

३. पिशवीत काय

प्रत्येक मुलाचा एक जादा कपड्यांचा जोड, टॉवेल, ओले कपडे कोंबायला पिशवी. फोनसाठी पाणी न शिरणारं पाकीट. पातळ स्वेटर, कारण थंड प्रदेशातल्या पेंग्विनांच्या दालनाची काच आणि आसपासची हवा चांगलीच गार असते आणि मुलं तिथून हलत नाहीत. तान्हं मूल असेल तर कानावर लावायचे आवाजरोधक. शोचे स्पीकर कर्कश असतात. मुलांना भडक रंगाचा शर्ट घाला, अंधाऱ्या दालनात हात सुटला तर पटकन दिसतं. जो फोटो काढणार त्याने मात्र काळा किंवा गडद घालावा. का ते पुढे येईल.

फुगे, स्ट्रॉ, सुटी झाकणं घरीच ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती आत नेऊही देत नाहीत आणि ते योग्यच आहे. बाळाच्या तोंडातली चोखणी दोरीने शर्टाला बांधा.

४. दारातली दहा मिनिटं

आत शिरताच धावू नका. नकाशा घ्या, स्वच्छतागृहं कुठे आहेत ते बघा, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा आणि ती जागा मुलांना प्रत्यक्ष दाखवा. नुसतं सांगून भागत नाही. सकाळीच प्रत्येक मुलाचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे "आज काय घातलं होतं?" या प्रश्नाला घाबरलेल्या डोक्याने उत्तर शोधावं लागत नाही. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा.

मग प्रत्येकाने एक-एक प्राणी निवडायचा. आजीचा एक, बाबांचा एक, मुलांचा एक-एक. तेवढ्या टाक्यांपुढे आपण दहा-दहा मिनिटं थांबणार, बाकीचं दिसलं तर दिसलं. या एका नियमाने आमच्या घरची निम्मी भांडणं मिटली. आजीने दर वेळी कासव निवडलंय, कारण कासवांच्या टाकीपुढे बाक असतो.

५. शो: दोन पुरे

सकाळी एक, दुपारी एक. अर्धा तास आधी जाऊन बसा. पुढच्या रांगांवर भिजण्याची सूचना लिहिलेली असते, ती गंमत म्हणून लिहिलेली नसते. ते पाणी खारट असतं. डोळ्यात गेलं की मूल रडतं, आणि कॅमेऱ्यावर वाळलं की मिठाचा थर बसतो. मधल्या उंचीवर, कडेच्या जिन्याजवळ बसावं. दिसतंही नीट आणि रडारड झाली तर निसटताही येतं. बाबागाड्या बहुधा बाहेरच ठेवायला लावतात, तेव्हा पैसे आणि फोन तिच्यात विसरू नका.

शो चालू असताना मुलांना उडीकडे नाही, ट्रेनरच्या हाताकडे बघायला सांगा. प्राण्याने सांगितलेलं केलं त्याच क्षणी शिट्टी वाजते, मासा नंतर मिळतो. 'बरोबर केलंस, मासा येतोय' एवढाच त्या शिट्टीचा अर्थ. याच पद्धतीने प्राण्याला शेपटी पाण्याबाहेर धरून रक्त काढू देणं, तोंड उघडून दात दाखवणं, वजनकाट्यावर चढणं शिकवतात. सी लायनचा दात तपासताना बघणं हे मला कुठल्याही कोलांटउडीपेक्षा जास्त आवडलं.

ट्रेनरच्या बादलीबद्दलही विचारा. तिच्यातला मासा गोठवून साठवलेला असतो आणि गोठवण्या-वितळवण्यात त्यातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी होतं. म्हणून काही माशांच्या कल्ल्यांत गोळी खुपसून देतात. गोळी खाऊत लपवायची युक्ती फक्त आपल्याकडेच चालते असं समजणाऱ्या माझ्या मुलीला हे फार न्यायाचं वाटलं. आणि डॉल्फिन पाणी कुठलं पितो? समुद्राचं खारं पाणी त्याच्या कामाचं नाही. त्याला लागणारं पाणी मुख्यतः माशांमधूनच मिळतं.

६. काचेपुढे थांबायची कला

तुमच्या दिवसाचा मोठा भाग इथे जावा. मुलं काचेपुढून पळत जातात कारण त्यांना काय बघायचं ते कळत नाही. 'बघ, किती छान' म्हणून उपयोग नाही. शोधायला काहीतरी द्यावं लागतं.

सुरुवात वाम माशापासून करते, अर्थातच. तो सारखा जबडा उघडतो-मिटतो आणि मुलांना वाटतं हा धमकावतोय. तो नुसता श्वास घेत असतो: तोंडाने पाणी आत ओढून कल्ल्यांवरून सोडतो. मोरे जातीच्या वाम माशाच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येऊन भक्ष्याला आत ओढते. २००७ मध्ये संशोधकांनी हे दाखवून दिलं. हे ऐकल्यावर थोरला आणखी वीस मिनिटं हलला नाही.

ऑक्टोपसची टाकी रिकामी दिसली तर पुढे जाऊ नका. वरचे कोपरे, दगडाच्या फटी, काचेची कड बघा. शोषणवाट्यांची एखादी रांग दिसेल. तीन हृदयं, निळसर रक्त, आणि हाड एकही नाही, त्यामुळे त्याची कडक चोच मावेल एवढं भोक असलं तरी त्याला ते दारच. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीतून बाहेर पडून जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या पाइपातून समुद्रात पसार झाला. ही गोष्ट टाकीपुढे उभं राहून सांगा, घरी नाही. मुलं लगेच झाकण नीट बसलंय का ते तपासतात.

जेलीफिशच्या टाक्या बहुधा गोलाकार का असतात? या जिवाला प्रवाहाविरुद्ध फारसं पोहता येत नाही. कोपरा असला तर तिथे अडकून फाटतो. म्हणून पाणी गोल फिरतं ठेवतात. मेंदू नाही, हृदय नाही, आणि अंगाचा बहुतेक भाग पाणीच. मोठ्यांनाही इथे गप्प बसायला आवडतं, त्यामुळे दुपारच्या चिडचिडीच्या वेळेसाठी ही टाकी राखून ठेवा.

मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, टाकीपुढे सगळ्यात जास्त प्रश्न येतात. वाकडे दात बाहेर आलेली, रागीट दिसणारी जी मुशी बऱ्याच मत्स्यालयांत असते ती सँड टायगर. स्वभावाने ती पुष्कळ शांत आहे. हवेचे घोट गिळून पोटात साठवते आणि त्याच्या आधाराने पाण्यात तरंगून राहते. 'ती बाकीच्या माशांना खात का नाही?' तिचं पोट भरलेलं ठेवतात म्हणून. तरी कधी कधी खातेच. 'मग मोठी पांढरी मुशी कुठे आहे?' ती बंदिस्त जागेत टिकत नाही, खाणं सोडते, भिंतींवर आपटते. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक लहान पांढरी मुशी १९८ दिवस ठेवली, मग समुद्रात सोडली. ते प्रयत्नही पुढे थांबले.

पेंग्विनांमध्ये एखादा विस्कटलेला, पिसं गळणारा, कोपऱ्यात रुसल्यासारखा उभा दिसला तर मुलं म्हणतात आजारी आहे. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं जवळजवळ एकदम बदलतात. नवी पिसं येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून तोवर ते पाण्यात उतरत नाहीत. आणि बाहेर उन्हात पेंग्विन दिसले तर पार्कवर रागावू नका. हम्बोल्ट किंवा आफ्रिकन पेंग्विन मुळातच बर्फातले नाहीत.

सील की सी लायन? कान बघा. बाहेर छोटी पाळी दिसली आणि पुढच्या वल्ह्यांवर उभं राहून चालला तर सी लायन. कानाच्या जागी नुसतं भोक आणि पोटावर सुरवंटासारखा सरकला तर सील. हे एकदा कळलं की मुलं दिवसभर इतर पाहुण्यांच्या चुका दुरुस्त करत फिरतात. थोडं आवरावं लागतं.

समुद्रघोड्यांत पिल्लं नर बाळगतो. हे सांगून बाबांकडे बघायचं आणि पुढे चालायचं.

एक डोळ्यांचा खेळ. काचेला नाक लावून बघितलं तर मासा प्रत्यक्षात आहे त्याच्या पाऊण अंतरावर दिसतो, म्हणून मोठाही भासतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो म्हणून. टाकी दिसते त्यापेक्षा खोल असते. मोठ्या टाक्यांची 'काच' काच नसतेच, अ‍ॅक्रिलिक असतं. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात व्हेल शार्क ठेवलेल्या टाकीची खिडकी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि तब्बल ६० सेंटिमीटर जाड आहे. तिच्यामागे ७५ लाख लिटर पाणी उभं आहे. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर उठतात, म्हणून अंगठ्या आणि किल्ल्या लांब. आणि ठोठावायचं नाही. आपल्या घराच्या भिंतीवर दिवसभर कोणी मुठी आपटत राहिलं तर कसं वाटेल एवढं विचारलं की मुलांना पुरतं. मोठ्यांनाच जास्त सांगावं लागतं.

७. टच पूल

टच पूल म्हणजे प्राण्यांना हात लावता येतो तो छोटा तलाव. आधी साध्या पाण्याने हात कोपरापर्यंत धुवा. हातावरचं सनस्क्रीन, सॅनिटायझर, क्रीम त्या छोट्या तलावात उतरतं आणि दिवसभरात तिथे किती हात बुडतात ते मोजून बघा. मग दोन बोटं, तीही सपाट. चिमटा नाही, मूठ नाही. माशांच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्यांचं रोगांपासूनचं कवच. ते खरवडलं जाता कामा नये.

तारामाशाला पाण्याबाहेर काढायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. तो पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या शेकडो इवल्या पायांनी दगडाला धरून असतो; ओढून काढलं की ते तुटतात. पाकटाच्या, म्हणजे स्टिंगरेच्या, शेपटीवरचा विषारी काटा अशा ठिकाणी छाटलेला असतो आणि तो पुन्हा वाढतो म्हणून अधूनमधून परत छाटतात. पाकट काचेवर चढला की खालच्या बाजूला हसरा चेहरा दिसतो. ते डोळे नसतात, नाकपुड्या असतात. खरे डोळे वरच्या बाजूला.

मूल घाबरलं तर आग्रह नको. आमची धाकटी पहिल्या दोन वेळा नुसती पाठीमागून बघत होती, तिसऱ्या वेळी स्वतःहून बाही दुमडली. बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे, खाऊ त्यानंतर.

आणि कुठल्याही तलावात नाणं टाकायचं नाही, हे अगदी कडक शब्दांत सांगा. थायलंडमध्ये एका तलावातल्या मादी कासवाने लोकांनी नशिबासाठी टाकलेली नाणी वर्षानुवर्षं गिळली होती. २०१७ मध्ये शस्त्रक्रिया करून तिच्या पोटातून ९१५ नाणी काढली, जवळपास पाच किलो. दोन आठवड्यांनी ती गेली. हे ऐकून थोरल्याने खिशातलं नाणं गुपचूप माझ्याकडे दिलं.

८. फोटो

फ्लॅश बंद. प्राण्यांना त्रास होतो आणि फोटोत फक्त काचेवरचा पांढरा डाग येतो. कॅमेरा काचेला सपाट टेकवा, तिरका धरलात तर रंग फाटतात. गडद शर्टाचं कारण हेच: फिका शर्ट काचेत उमटतो आणि माशाच्या पोटावर तुमचीच छाती दिसते. दहा फोटो काढून फोन आत ठेवा.

९. निघताना

शेवटच्या शोच्या आधी पंधरा-वीस मिनिटं निघालात तर वाहनतळावरची कोंडी चुकते. भेटवस्तूंचं दुकान बाहेरच्या वाटेवरच असतं, चुकवता येत नाही; एक वस्तू, हे सकाळीच ठरलेलं असू द्या.

घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी भिजलेले कपडे तसेच टाकू नका, मीठ वाळून धागा कडक होतो. साध्या पाण्यातून एकदा काढायचे. कॅमेरा आणि चष्मा आधी ओलसर फडक्याने, मग कोरड्याने; थेट कोरडं घासलं तर मिठाच्या कणांनी चरे पडतात. आणि बाबागाडीच्या चाकांवर पाणी ओता. आमच्या गाडीचं एक चाक अजून कुरकुरतं.